एका धास्तीचा इतिहास

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा काय असावी हे उघड होते. तीस वर्षे कामगार संघटनेत घालवलेला माणूस नारायण मेघाजी लोखंड्यांविषयी बोलेल, गिरण्यांविषयी बोलेल, फार झाले तर १९८२ च्या संपाविषयी बोलेल. आम्ही विषय कळवला तेव्हा त्यांनी तो दूरध्वनीवर दोनदा विचारून घेतला. मग थोडे थांबून म्हणाले, "इतिहासाच्या सत्रात बसेल ना?" आम्ही म्हणालो, बसेल. ज्या गोष्टीने एका माणसाची झोप, पगार आणि ठरलेले लग्न घालवले, तिला इतिहास असलाच पाहिजे. तो कोणी सांगत नसेल, तर आमच्यासारख्या नववीपर्यंत शिकलेल्या माणसाने ग्रंथालयात बसून गोळा करावा आणि सांगावा, यात वावगे काही नाही.

विषय असा. 'हर्पीस' नावाचा एक रोग आहे आणि तो शरीरसंबंधातून जडू शकतो. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते मुख्यतः हा रोग ज्यांना झालेला नाही अशांविषयी. एखादे चुंबन, एखादा ओझरता स्पर्श, किंवा निरोध वापरून झालेला एखादा संबंध, एवढेच ज्यांच्या पदरी आहे आणि तरीही जे महिनोन्महिने आरशापुढे उभे राहून अंगावरचा प्रत्येक फोड न्याहाळतात, त्यांच्या धास्तीविषयी. ही धास्ती आली कोठून, हा आमचा प्रश्न आहे.

तो आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. तो आला आमच्या कामगार पतपेढीच्या एका कर्जाच्या अर्जातून. अर्जदार सत्तावीस वर्षांचा, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटी फिटर. कारणापुढे लिहिले होते, 'आजारपण'. कोणाचे, असे विचारले तर म्हणाला, "माझंच, अण्णा." पोरगा तर धडधाकट दिसत होता. नियमाप्रमाणे डॉक्टरचा कागद मागितला, तेव्हा त्याने एक नव्हे, पाच कागद पुढे केले. पाचही रक्ततपासणीचे आणि सारे चार महिन्यांतले. मग त्याने उठून कचेरीचे दार लोटून घेतले आणि सांगायला सुरुवात केली. मित्राच्या लग्नाला परगावी गेला असताना एका बाईशी ओळख झाली. चुंबन झाले, अंगाला अंग लागले, त्यापलीकडे काही झाले नाही. आठवड्याने मांडीवर एक पुटकुळी दिसली. दुसऱ्या दिवशी ती बसलीही. पण तोवर त्याने रात्रभर मोबाइलवर वाचून काढले होते. त्या दिवसापासून तो आपले ताट वेगळे धुऊ लागला, बहिणीच्या लहान मुलाला उचलून घेईनासा झाला, आणि ठरलेली सोयरीक त्याने कारण न सांगता मोडली.

आम्ही काय केले? आम्ही हसलो. "अरे, एवढ्याशा गोष्टीला कोणी घाबरतं का?" असे म्हणून पाठीवर थाप मारली आणि कर्ज मंजूर केले. त्यानंतर सहा आठवडे तो कचेरीकडे फिरकला नाही, आणि कर्जाचा पैसा त्याने सहाव्या व सातव्या तपासणीत घातला. यंत्राची जाळी सैल झाली आहे असे सांगायला कोणी कामगार आला असता, तर आम्ही हसलो नसतो, जाऊन पाहिले असते. इथे आम्ही पाहिले नाही. पुढचे सारे वाचन त्या चुकीच्या भरपाईपोटी झालेले आहे, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम शब्दाकडे वळू. 'हर्पीस' हा शब्द ग्रीक. त्या भाषेत सरपटणे या अर्थाचा जो धातू आहे, त्यापासून तो निघाला. भाषापंडित सांगतात की हा धातू आणि आपला संस्कृत 'सृप्' हे एकाच मुळातले. म्हणजे हर्पीस हा आपल्या सर्पाचा भाऊच ठरतो. आयुर्वेदात कातडीवर पसरत जाणाऱ्या विकाराला 'विसर्प' म्हटले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. मराठीने तर सरळ 'नागीण' हेच नाव घेतले. तीन ठिकाणच्या लोकांना कातडीवर एकच जनावर सरपटताना दिसले, याची आम्हांला मोठी मौज वाटली.

परंतु या नावाने घोटाळाही केला आहे. कंबरेला किंवा छातीला वेढा घालणारी आपली नागीण, जिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो अशी खुळी समजूत आजही ऐकू येते, ती वेगळी. ती लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांच्या विषाणूची उतारवयातली उचल. डॉक्टर तिला 'हर्पीस झोस्टर' म्हणतात. तिचा शरीरसंबंधाशी काहीही संबंध नाही. आमच्या चाळीत एका सत्तरीच्या आजींच्या कागदावर डॉक्टरांनी हे दोन शब्द लिहिले; नातवाने त्यातला पहिलाच शब्द शोधून वाचला आणि घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. ज्याविषयी आपण बोलत आहोत तो हर्पीस म्हणजे 'हर्पीस सिम्प्लेक्स'. त्याचे दोन प्रकार. पहिला बहुधा ओठांवर उठतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोडांचा जो झुबका येतो आणि ज्याला आपण 'ताप बाहेर फुटला' म्हणून सोडून देतो, तो हाच. दुसरा बहुधा जननेंद्रियांपाशी उठतो. मात्र पहिलाही तिथे जाऊ शकतो.

हा रोग नवा नाही. हिपॉक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी 'हर्पीस' हा शब्द सरपटत्या पुरळांसाठी सैलपणे वापरला होता. झां आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने १७३६ साली गुप्तरोगांवरील आपल्या ग्रंथात जननेंद्रियांवरच्या या फोडांचे वर्णन केले. १८८३ मध्ये उन्ना या जर्मन वैद्याने त्यावर लिहिले, १८८६ मध्ये दिदे आणि दोयाँ या दोघा फ्रेंचांनी स्वतंत्र पुस्तकच काढले, आणि १८९३ मध्ये विदाल याने दाखवून दिले की फोडातला स्राव एका माणसाकडून दुसऱ्याकडे रोग नेतो. एवढे सगळे माहीत असूनही हर्पीसच्या नावाने समाजात कोणी दचकत नव्हते. फोड येतात, आठ-दहा दिवसांत सुकतात, पुन्हा कधी येतात. मग दचकत कशाला होते? दचकत होते गरमीला.

आमचे म्हणणे थोडक्यात हेच आहे. आज हर्पीसच्या नावाने जी भीती वावरते, ती हर्पीसची नव्हेच. ती गरमीची म्हणजे उपदंशाची भीती आहे. मूळ मालक निघून गेल्यावर ती दुसऱ्याच्या नावावर चढली.

गरमीची भीती खरी होती आणि तिला कारणही होते. १४९५ साली इटलीत नेपल्सच्या मोहिमेवर गेलेल्या फ्रेंच सैन्यात हा रोग भडकला आणि सैन्याबरोबर साऱ्या युरोपात पसरला. इटालियनांनी त्याला फ्रेंच रोग म्हटले, फ्रेंचांनी नेपल्सचा रोग म्हटले. दुसऱ्याच्या अंगणात घाण लोटण्याची ही रीत सर्व देशांत सारखीच. आपल्याकडे तो समुद्रमार्गे आला. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने 'भावप्रकाशा'त त्याला 'फिरंग रोग' हे नाव दिले, फिरंग्यांच्या संसर्गाने तो होतो असे लिहिले आणि चोपचिनी हे औषध सांगितले. हा रोग माणसाला वर्षानुवर्षे आतून खात असे. हाडे, हृदय, शेवटी मेंदू. बायकोला होई, पोटातल्या मुलाला होई. याला न भिणारा माणूस वेडाच म्हटला असता.

पण भीतीचा वापर करणारे हात नेहमीच असतात. इंग्रज सरकारला आपल्या गोऱ्या शिपायांची काळजी पडली, तेव्हा त्यांनी १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. वेश्यांनी नाव नोंदवायचे, ठरल्या मुदतीला अंगाची तपासणी करून घ्यायची, रोग आढळला तर 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या कोंडवाड्यात राहायचे. शिपायाची तपासणी कायद्यात नव्हती. रोग दोघांचा, पण पहारा एकीवर! इंग्लंडमध्ये असाच कायदा होता. जोसेफिन बटलर या बाईंनी वर्षानुवर्षे लढून तो १८८६ मध्ये रद्द करवला, आणि इथला १८८८ मध्ये गेला. कायदा गेला तरी त्याने घालून दिलेली समजूत गेली नाही. रोग म्हणजे दुर्वर्तनाचा पुरावा, आणि पुरावा सापडतो तो बहुधा गरिबाच्या किंवा बाईच्या अंगावर, ही ती समजूत.

याच शतकात डॉक्टरांच्या लिखाणात एका नव्या रोग्याची गाठ पडू लागते. त्याला गरमी झालेली नसते, पण झाली आहे असे त्याला वाटत असते. वैद्यकाने या अवस्थेला 'सिफिलोफोबिया' हे नाव दिले, उपदंशभय म्हणू. आमच्या फिटरचा हा पणजोबा! आणि त्याला भिवविण्याचे काम डॉक्टरांनीही काही कमी केले नाही. १८९४ साली बल्कली नावाच्या अमेरिकन डॉक्टराने निर्दोष माणसांना होणाऱ्या उपदंशावर जाडजूड ग्रंथ लिहिला. हेतू चांगला होता. घरंदाज बायकांना आणि मुलांना नवऱ्याकडून, बापाकडून हा रोग होतो आणि त्यांना दोष देऊ नये, हे त्यातले खरे. पण त्याबरोबर पेला, टॉवेल, पेन्सिल, शौचालयाची बैठक अशी शंकास्थानांची यादी वाढत गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या आरमाराने युद्धनौकांच्या दारांच्या मुठी काढून टाकल्या, खलाशांना मुठींमुळे रोग होतो म्हणून! खलाशी बंदरात उतरून कोठे जातात हे कप्तानाला ठाऊक नव्हते असे नाही. पण मुठीवर ठपका ठेवला की कोणाची अब्रू जात नाही. ताट वेगळे धुणाऱ्या आमच्या कामगाराला हे सांगितले, तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

दुसरी गोष्ट तपासणीची. १९०६ साली जर्मनीत वासरमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रक्तातून उपदंश ओळखण्याची रीत काढली. मोठा शोध होता. पण ती चाचणी हिवतापातही कधी होकार देई, महारोगातही देई. आमच्यासारख्या हिवतापाच्या देशात याचा अर्थ काय होतो, याचा विचार श्रोत्यांनी करावा. रक्ताने होकार दिला म्हणून बायकोकडे संशयाने पाहणारे किती झाले असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. या चाचणीची आठवण ठेवा. ती पुढे लागणार आहे.

१९१० मध्ये अर्लिखचे साल्व्हर्सन आले, आणि १९४३ मध्ये अमेरिकेत मेहोनी याने पेनिसिलिनने उपदंश बरा करून दाखवला. साडेचारशे वर्षांचा दरारा काही इंजेक्शनांवर आला. मग १९६० मध्ये अमेरिकेत संततिनियमनाची गोळी निघाली. ज्यांना शरीरसंबंधाला भीतीचा लगाम हवा होता, त्यांच्या हातातून दोन्ही लगाम सुटले. गादी रिकामी झाली. आणि रिकामी गादी फार काळ रिकामी राहत नाही, हे राजकारणातल्या कोणालाही ठाऊक आहे.

इकडे शास्त्रज्ञ आपल्या वाटेने चालले होते. ग्रूटर आणि लोवेनस्टाइन यांनी हर्पीसचा विषाणू सशाच्या डोळ्यावर रुजवून दाखवला. १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियात बर्नेट आणि विल्यम्स यांनी सांगितले की बहुतेकांना तो लहानपणीच होतो आणि जन्मभर अंगात झोपून राहतो. १९६० च्या दशकात दोन प्रकार वेगळे ओळखले गेले. हे शास्त्र पुढे सरकत गेले, आणि त्यातून वर्तमानपत्रांनी नेमके दोनच शब्द उचलले: 'शरीरसंबंध' आणि 'जन्मभर'.

१९८० साली अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाने हर्पीसची तुलना महारोगाशी केली. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९८२ मध्ये, त्याच साप्ताहिकाने मुखपृष्ठावर हर्पीसला आजचे 'स्कार्लेट लेटर' म्हटले. हॉथॉर्नची त्या नावाची १८५० सालची कादंबरी आहे. तीत व्यभिचाराच्या आरोपाखाली एका बाईच्या छातीवर लाल अक्षर लावतात. म्हणजे ओठावर फुटणाऱ्या तापाच्या सख्ख्या भावाला एकदम व्यभिचाराचा डाग करून टाकले. त्याच ऑगस्टमध्ये मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगार सात महिने संपावर होते. आमचे वडील त्यांतले एक होते. आमच्या घरी तेव्हा काळजी धान्याची होती. हर्पीस हा शब्द गिरणगावात कोणी ऐकला नसेल. आणि महारोगाच्या तुलनेविषयी काय बोलावे? ज्या महाराष्ट्रात आनंदवन उभे राहिले, त्याला महारोग म्हणजे शिवी नव्हे हे समजावयास हवे. दोन रोगांचा अपमान एका मथळ्यात करण्याची ही कला आम्हांला नवी वाटली.

एक मत असे ऐकू येते की ही भीती औषधकंपनीने आपला माल खपवण्यासाठी उठवली. आम्ही कारखानदारांची वकिली करणारे नव्हे. पण साले तपासून पाहिली तर हे मत पूर्णपणे टिकत नाही. हर्पीसवरचे पहिले नेमके औषध म्हणजे असायक्लोव्हिर. त्याचे मलम अमेरिकेत १९८२ मध्ये मंजूर झाले, गोळी १९८५ मध्ये. मथळे त्याच्या आधीपासूनचे आहेत. कंपनीला तयार भीती मिळाली. तिने ती कमी केली नाही, एवढे म्हणता येईल. जाता जाता सांगतो, या औषधामागच्या संशोधनाचे नेतृत्व गर्ट्रूड एलियन या बाईंनी केले. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन डॉक्टरेट करण्याचा त्यांचा प्रयत्न नोकरीपायी अर्धा राहिला, आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नववीवाल्यांना अशी माणसे लक्षात राहतात.

पुढे एड्सचे संकट आले आणि मथळे तिकडे वळले. पण हर्पीसवर लागलेले अक्षर पुसले गेले नाही. आता ते आमच्या औद्योगिक वसाहतीत, रात्रपाळीच्या जेवणाच्या सुटीत, मोबाइलवरून पोचते.

मग खरे काय आहे? त्याचाही हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी माणसांच्या अंगात पहिल्या प्रकारचा विषाणू होता. म्हणजे शंभरांत चौसष्ट. दुसरा प्रकार पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे ५२ कोटींच्या अंगात, शंभरांत तेरा. यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. हा विषाणू कातडीला कातडी लागून जातो, तीही जिथे विषाणू बाहेर येतो तिथली. माणसाच्या अंगाबाहेर तो फार टिकत नाही. ताट, टॉवेल, चादर, शौचालयाची बैठक यांतून हा रोग होत नाही. न खरचटलेल्या हाताचा स्पर्श, कपड्यांवरून अंग लागणे, यांतून तो होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. चुंबनातून ओठाचा प्रकार जाऊ शकतो, आणि ओठावर फोड असताना तर चुंबन टाळावेच. पण तो प्रकार बहुतेकांना आई, आजी, मावशीच्या मायेच्या मुक्यांतून लहानपणीच मिळालेला असतो. निरोधाने धोका पुष्कळ कमी होतो, पुरता जात नाही.

आणि खरोखर रोग असलेल्या जोडीदाराशी संबंध आला तर? २००४ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा प्रयोग आहे. त्यात अशी जोडपी घेतली होती की एकाला दुसऱ्या प्रकारचा हर्पीस आहे आणि दुसऱ्याला नाही. त्यांतल्या ७४१ जोडप्यांना खरे औषध न देता नुसती दिखाऊ गोळी दिली होती. त्यांचा नेहमीचा संसार आठ महिने चालू होता. आठ महिन्यांनी किती जोडीदारांना लागण झाली? सत्तावीस. लग्नाच्या रात्री एका चुंबनावर चार महिने जळणाऱ्या पोराने हा आकडा वहीत लिहून घेतला. आम्हीही घेतला.

याचा अर्थ हा रोग म्हणजे काहीच नव्हे, असे आम्ही म्हणत नाही. पहिल्या वेळचे फोड फार दुखतात. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर बाळंतपणात मुलाला गंभीर धोका असतो, आणि तिने ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या प्रकारच्या हर्पीसमुळे एच.आय.व्ही.ची लागण होण्याचा संभव वाढतो. फोड उठलेच, तर ते ताजे असतानाच त्यातला स्राव तपासून घ्यावा. आणखी एक गोष्ट घरोघरच्या शांततेसाठी सांगणे भाग आहे. विषाणू वर्षानुवर्षे झोपून राहतो. म्हणून लग्नाच्या दहाव्या वर्षी उठलेला पहिला फोड हा बायकोने किंवा नवऱ्याने काल काही केल्याचा पुरावा होत नाही. आमच्या संघटनेतल्या एका भगिनीला याच गैरसमजापायी माहेरी पाठवले होते. तिला परत आणायला आम्हांला आठ महिने लागले.

आता ती तपासणी. आमच्या फिटरच्या पाच कागदांतल्या दोनांवर 'आय.जी.एम.' नावाच्या चाचणीचा पुसट होकार होता. त्याची झोप उडाली ती त्या होकाराने. ही चाचणी हर्पीसचे दोन प्रकार नीट वेगळे करत नाही, कांजिण्यांसारख्या भाऊबंदांनाही कधी होकार देते, आणि लागण नवी की जुनी हेही खात्रीने सांगत नाही. जाणकार तज्ज्ञ ती करूच नये म्हणतात. दुसरी, प्रकार ओळखणारी चाचणी आहे, पण तिचा उंबरठ्यावरचा होकारही पुष्कळदा खोटा निघतो, आणि लागण झाल्यावर बारा ते सोळा आठवडे तरी गेल्याशिवाय तिचा नकार विश्वासाचा नसतो. म्हणूनच अमेरिकेतल्या अधिकृत तज्ज्ञमंडळाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितले की लक्षणे नसलेल्या माणसांची हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये. लाभापेक्षा हानी अधिक. वासरमानच्या चाचणीची आठवण ठेवायला आम्ही सांगितले होते, ते यासाठी. ज्या प्रयोगशाळेने या पोराचे रक्त सात वेळा काढले, तिथे त्याला एकदाही कोणी विचारले नाही की बाबा, तुला झाले आहे तरी काय? पावती मात्र दर वेळी वेळेवर मिळाली.

भीतीवर दुकान चालवणे आपल्याकडे जुनेच. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती वाचतच आमची पिढी अक्षरे शिकली. वस्तुतः अशा रोगांवर रामबाण उपायाची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा पुस्तकात राहिला आणि भिंती रंगतच राहिल्या. घर सोडून आलेला, खानावळीत जेवणारा, एका खोलीत पाळीने झोपणारा कामगार हे त्या भिंतींचे गिऱ्हाईक. त्याला विचारायला माणूस नव्हता, भिंत होती.

विचारायला एक माणूस होता, हेही सांगितले पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यूपर्यंत ते एकहाती चालवले. लोक त्यांना पत्रे लिहून जे कोणाला विचारता येत नाही ते विचारत, आणि कर्वे त्यांची उत्तरे छापत. सरळ, कोरडी, न रागावता दिलेली उत्तरे. १९३४ साली याच उत्तरांपायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. आम्ही कामगार संघटनेत बाबासाहेबांची जयंती दरवर्षी करतो. पण भाषणांत हा खटला निघालेला आम्ही अजून ऐकला नाही. ज्याला प्रश्न पडला आहे त्याला उत्तर मिळण्याचा हक्क आहे, मग तो प्रश्न कमरेखालचा का असेना, यासाठी घटनेचे शिल्पकार कोर्टात उभे राहिले होते.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही त्या पोराला हाक मारली. या वेळी हसलो नाही. त्याला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग यांचा विभाग एकच असतो, आणि 'सुरक्षा क्लिनिक' नावाने गुप्तरोगांचा सल्ला फुकट मिळतो. तिथल्या बाईंनी त्याला पडद्यामागे नेऊन तपासले, सात कागद चाळले, आणि विचारले, "फोड कुठे आहे?" तो म्हणाला, "आता नाही." "पुन्हा आला?" "नाही." त्या म्हणाल्या, "मग मी औषध कशाला देऊ?" त्यांनी पंधरा मिनिटे बसवून समजावले. बाहेर वीस माणसांची रांग होती, तरी समजावले. आणि निघताना म्हणाल्या, झोप येत नसेल तर मनाच्या डॉक्टरांकडेही जाऊन ये, तोही याच इमारतीत बसतो.

परतताना रिक्षात त्याने आम्हांला विचारले, "म्हणजे शून्य ना, अण्णा?" शून्य असे कोणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही, असे आम्ही त्याला सांगितले. कारखान्यात पाऊल टाकतानाही शून्य नसते. तो पुढे काही बोलला नाही. दोन-तीन महिने अधूनमधून येऊन तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारी, आणि आम्ही तेच उत्तर देत असू. मग विचारीनासा झाला. जिची सोयरीक मोडली होती, त्या मुलीचे लग्न तोवर दुसरीकडे झाले होते. ते काही परत आले नाही.

गेल्या दिवाळीच्या बोनसमधून त्याने पतपेढीचे कर्ज फेडले. ते सात कागद घरी ठेववत नाहीत आणि फाडवतही नाहीत, म्हणून त्याने कचेरीत आणून दिले. आमच्या लोखंडी कपाटात, वडिलांच्या संपाच्या कागदांच्या गठ्ठ्याशेजारी, ते अजून आहेत.